सासूबाई रडल्या म्हणे

शेवटच्या दिवशी दुपारी सुनेनं सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत औषधाचे थेंब घातले, रोज घालायची तसेच. खालची पापणी बोटानं जरा ओढायची, थेंब सोडायचा, डोळा हलकेच मिटून धरायचा. सासूबाई सकाळपासून बोलत नव्हत्या. श्वास तेवढा चालू होता. पण डोळे अर्धे उघडे राहिलेले, आणि उघडे राहिले की ते वाळायचे, टोचायचे, हे सुनेला माहीत. म्हणून माणूस जायला निघालं असलं तरी औषध काही तिनं चुकवलं नाही. बाटली हातात तशीच घेऊन ती बेसिनपाशी गेली, आणि तेवढ्यात आत्या आल्या.

आत्या म्हणजे सासूबाईंची नणंद. निरोप मिळाल्याबरोबर निघाल्या होत्या. पिशवी दारातच टाकली, खाटेवर टेकल्या, वहिनीचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "वहिनी, मी आलेय गं. ओळखलंस का?"

आणि सासूबाईंच्या डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी ओघळलं. कानशिलावरून उशीत गेलं.

आत्या बघतच राहिल्या. "रडली," त्या म्हणाल्या. "अगं बाई, वहिनी रडली." आणि स्वतःच हमसाहमशी रडायला लागल्या.

सून दारात उभी होती. तिनं बाटलीवर मूठ मिटली आणि हात पाठीमागे घेतला. तासाभरात सासूबाई गेल्या.

आता एवढ्याशा पाण्याचं एवढं काय, असं कुणालाही वाटेल. पण त्या घरात त्या पाण्यावरूनच सगळं बिनसलं होतं.

सासूबाई जन्मभर प्रसूतिगृहात आया होत्या. तिथं सगळे त्यांना मावशी म्हणायचे. बाळाला पहिली आंघोळ त्या घालायच्या. कोपर बुडवून पाणी बघायचं, मान तळहातावर घ्यायची, आणि पुसून असं गच्च गुंडाळायचं की बाळ आपोआप गप्प. नवीन आया घाबरून विचारायच्या, "मावशी, हा एवढा रडतोय आणि डोळ्यांत टिपूस नाही, काही बिघडलंय का हो?" मावशी हसायच्या. "अगं, अजून नळ जोडला नाही त्याचा. येईल महिन्याभरात पाणी. तोवर कोरडंच रडतात सगळी."

मग ऐन चाळिशीत त्यांचाच नळ बंद झाला. आधी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायला लागलं, मग घास गिळायला घोटभर पाणी लागायला लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या वर बदामाएवढी ग्रंथी असते, पाणी तिथून येतं, तुमची ती वाळलीय. डोळ्याला तीन तऱ्हेचं पाणी लागतं म्हणे. एक डोळा ओला ठेवायला, एक कचरा गेला तर, आणि एक मन भरून आलं तर. घरी येऊन सासूबाई म्हणाल्या, "माझे तिन्ही गेले. आता धूळ गेली काय नि माणूस गेलं काय, सारखंच."

माणूस गेलंच पुढं. सासरे गेले, अचानक, कामावरून येऊन बूट काढता काढता. घर माणसांनी भरलं, आणि भरलेल्या घरात कोण किती रडतंय ते लोक बघतातच. सासूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे लाल आणि कोरडे ठक्क. आत्यांचा तर सख्खा थोरला भाऊ गेलेला. त्यांनी दोनचारदा वहिनीच्या तोंडाकडे बघितलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "दगडाला तरी पाझर फुटतो."

शेजारीण हळूच सुनेच्या कानाशी लागली. "अगं, ते औषध घाल की त्यांच्या डोळ्यांत. चार थेंब जास्त. लोकांची तोंडं तरी बंद होतील."

सासूबाईंनी ऐकलं ते. "नको," म्हणाल्या. "त्यांच्यासाठी बाटलीतलं पाणी सांडायचं नाही मला."

पुढं आत्यांना आजाराचं सांगून बघितलं. त्या म्हणाल्या, "असा कुठं आजार असतो का? सोय आहे ती." तेव्हापासून येणंजाणं नावापुरतं. यायच्या, पाहुण्यासारख्या बाहेरच्या खोलीत बसायच्या, चहा घेऊन जायच्या.

सासरे गेले त्या दिवशी सासूबाई कशा रडल्या ते एकट्या सुनेनं बघितलं होतं. माणसं पांगल्यावर न्हाणीघरात पाणी नुसतं वाहत होतं म्हणून ती बघायला गेली, तर सासूबाई बादलीशेजारी बसलेल्या. तोंड वासलेलं, छाती उचक्यांनी उडतेय, चेहरा तान्ह्या पोरासारखा लालबुंद, आणि डोळ्यांत काही नाही. सून औषध आणायला वळली तर त्यांनी हात धरला. "थांब जरा. आगआग होतेय, होऊ दे. हे माझं मला रडू दे."

नंतर सासूबाईंचे हात कापायला लागले तसे थेंब सूनच घालायला लागली. थेंब पडायच्या आधीच त्या पापणी मिटायच्या, अर्धं औषध गालावर. वर म्हणायच्या, "लोकांच्या सुना सासूला सणकून एकदा रडवतात. तू बघ, हप्त्या-हप्त्यानं."

"मग डोळा उघडा ठेवा ना."

"ठेवते की. तू आधी नेम शीक."

तर अशा बाईच्या नावावर आता ते पाणी लागलं होतं. आत्या राहिल्या होत्या, आणि जो येईल त्याला सांगत होत्या. "मला बघितलं आणि रडली हो. मनात इतकं साठलेलं होतं बिचारीच्या. शेवटी माझ्यापाशी मोकळी झाली." सांगताना त्यांचा चेहराच बदलायचा. किती वर्षांनी त्या वहिनीला बिचारी म्हणत होत्या. सुनेला वाटायचं, असू दे, म्हातारीच्या जिवाला तेवढंच बरं. आणि लगेच वाटायचं, ज्या पाण्याला सासूबाई नको म्हणाल्या, तेच आपण त्यांच्या नावावर चालवून घेतोय.

शेवटी आत्या परत जायची पिशवी भरत होत्या तेव्हा तिनं औषधाची बाटली त्यांच्यासमोर ठेवली.

"आत्या, तुम्ही आलात ना, त्याच्या आधी मी हे घातलं होतं. ते पाणी ह्याचं होतं."

आत्यांनी बाटलीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "म्हणजे रडली नाही ती."

"रडता येत नव्हतं त्यांना. आपल्यासारखं नाही यायचं."

मग सून खाली बसली आणि न्हाणीघरातलं सगळं सांगितलं. आत्या घडी केलेलं लुगडं मांडीवर घेऊन ऐकत राहिल्या. एकदाच म्हणाल्या, "दादासाठी?" सून म्हणाली, "हो." आत्या लुगडं पिशवीत ठेवायला लागल्या. सून उठून स्वयंपाकघरात गेली. भांडी घासता घासता तिला वाटत होतं, आता ह्या पुन्हा या घराची पायरी चढत नाहीत.

थोड्या वेळानं बाहेरून आत्यांचा आवाज आला. लेकीशी फोनवर बोलत होत्या.

"अगं, मी तुला सांगितलं होतं ना मामी रडली म्हणून, ते तसं नाही. औषध होतं ते... हो, औषध. डोळ्यांत घालतात ते... नाही गं, दगड कसली. मलाच मेलीला दिसलं नाही. तुझ्या मामाच्या वेळी फार रडली ती, पण पाणीच नव्हतं तिला... अगं असतो असा आजार, असतो... काय?... ते मला काय ठाऊक, थांब, विचारते."

आत्या फोन तसाच हातात धरून स्वयंपाकघरात आल्या, ओट्यापाशी उभ्या राहिल्या.

"सूनबाई, ही विचारतेय, असं कोरडं रडताना दुखायचं का गं वहिनीला?"

सुनेनं नळ बंद केला. "दुखायचं, आत्या. खूप."

आत्यांनी फोन पुन्हा कानाला लावला. "दुखायचं म्हणतेय," त्या म्हणाल्या, आणि तिथंच जमिनीवर बसल्या.