रुमालाखालची बोटं

माझ्या पियानोबद्दल परदेशात लिहिणारे एक गोष्ट हमखास लिहितात. हा माणूस दोन-तीन सूर मांडतो आणि गप्प बसतो. कुणी त्याला ध्यान म्हटलं. एका टीकाकाराने ती एका जुन्या अमेरिकन वादकाची नक्कल आहे असं छापलं. त्याचा राग मला आजही येतो. गप्प बसायला मी दारव्ह्याकडच्या बैलबाजारात शिकलो.

माझा बाप बैलांचा दलाल. विकणारा आणि घेणारा रुमालाखाली हात धरतात. आपली जितकी बोटं समोरच्याच्या हातावर दाबाल तितका आकडा, एका बोटाचे दहा हजार. दाबलं की तोंड बंद. जो आधी बोलला तो बुडाला. जॅझमध्ये मी हेच करतो. उजव्या हाताने सूर दाबून थांबतो. ड्रमवाला अस्वस्थ होतो, काहीतरी देऊ करतो, मग मी पुढे सरकतो.

गोव्याच्या हॉटेलात ताटं उचलता उचलता दुपारी रिकाम्या पियानोवर बसायला लागलो. तिथून जहाजावर, जहाजावरून पॅरिस, ओस्लो, टोकियो. मला कुणी नेलं नाही. प्रत्येक बिदागी मी भांडून ठरवली. ओस्लोत एकदा तापाने पडलो, तर माझ्याच गटातल्या बासवाल्याने त्या संध्याकाळी माझ्या जागी दुसरा वादक बसवला. पुढच्या वर्षीचं बोलावणंही त्या नव्या वादकालाच गेलं. ते मी विसरलेलो नाही.

म्हणून यंदा उजवी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर वाटायला लागलं, तेव्हा मी कुणालाच सांगितलं नाही. माझ्या वाजवण्यातली चाल याच दोन बोटांवर असते. तिकडच्या थंडीने असेल, असं स्वतःला सांगत घरी, आमच्या बंजारा तांड्यावर आलो. इथे ऊन होतं, तरी बोटं तशीच राहिली. चहाचा कप मी डाव्या हाताने धरायला लागलो होतो.

थोरल्या भावाला, आमच्या बोलीत भियाला, बैलजोडी घ्यायची होती.

“सौदा तूच कर,” बोरी अरबच्या बाजारात तो म्हणाला. “तू गोऱ्यायले रडवतं. हे तं आपलेच लोक.”

जोडी देखणी होती. मालक म्हातारा, खांद्यावर घोंगडी. त्याने रुमाल टाकला. मी पाचही बोटं दाबली आणि गप्प राहिलो. भाव चोख होता.

त्याने हात झटकून बाहेर काढला.

“तीन? बैल हायेत हे, बकऱ्या नाई!”

रुमालाखालचा आकडा कुणी मोठ्याने बोलत नाही. माझं डोकं फिरलं.

“पाच देल्ले म्या! खोटं काहून बोलून राह्यले?”

“विलायतीत पाचाले तीन म्हनत असतीन,” मागून कुणीतरी म्हणालं, आणि माणसं हसली.

म्हाताऱ्याने माझा हात पुन्हा रुमालाखाली ओढला. “दाबा.”

मी दातओठ खाऊन दाबलं. त्याच्या चेहऱ्यावरचा राग हळूहळू गेला. तो माझ्या कानाशी आला.

“भाऊ, तीनच लागून राह्यले.”

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दाबलंच जात नव्हतं. म्हाताऱ्याने जोडी पाचातच दिली. घासाघीस न करता मिळालेला तो सौदा मला अजून टोचतो. त्याने माझ्यावर दया केली होती.

बैल टेम्पोत चढवताना ओस्लोच्या आयोजकाचा फोन आला. तुमची ती लांब रचना यंदा वाजवाल ना? तो बासवाला तर तिथेच राहतो, बोटांचं कळलं तर पुन्हा माझ्या जागी दुसरा बसवेल.

“यंदा मी आणखी थांबे घेणार आहे,” मी म्हणालो. “आणखी कमी सूर.”

तो खूश झाला. सुंदर कल्पना, म्हणाला. मी त्याच दमात बिदागी वाढवून मागितली आणि तो हो म्हणाला. फोन मी डाव्या हाताने खिशात ठेवला.

“काय म्हने? पडला का भाव?” भियाने विचारलं.

“चढला.”

मग मी उजवा हात त्याच्या हातात दिला, रुमाल न टाकता, आणि होती नव्हती ती ताकद लावून दाबला.

“किती?”

भिया माझ्या हाताकडे बघत राहिला. तोही दलालाचाच पोरगा. बैलांनी खूर आपटले, ड्रायव्हरने हॉर्न दिला, तरी तो बोलेना.

“सांग ना,” शेवटी मीच म्हणालो.