मागच्या सीटवरून गाडी पाहणारे मिस्त्रीचाचा

जानेफळचे मिस्त्रीचाचा जुनी गाडी पाहायला गेले की बॉनेट सगळ्यात शेवटी उघडायचे. आधी मागच्या सीटवर बसायचे आणि सीटबेल्टचा पट्टा झटक्याने ओढायचे. तो जागीच अडकला की समाधानाने मान डोलवायचे. "चालवणाऱ्याच्या हाती इस्टेरिंग तरी असते," ते म्हणायचे, "मागच्यानं काय धराव?"

लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून ते इंजिन ऐकायचे. तेव्हा गॅरेजात कोणी बोललेलं त्यांना चालत नसे. पप्पांबरोबर गेले की मला तिथे फार बरं वाटायचं. एवढी गप्प का, असं कोणी विचारायचं नाही.

मग मला मेहकरच्या बँकेत नोकरी लागली आणि रोजच्या येण्याजाण्यासाठी गाडी घ्यायचं ठरलं. माझी गाडी! आठवडाभर मला जेवण सुचत नव्हतं. दोन जुन्या गाड्या नजरेत होत्या, किंमत जवळपास सारखी. पांढरी पप्पांच्या मनात भरलेली: पेट्रोल कमी, पार्ट स्वस्त, कुठेही मिळणारे. राखाडी वजनदार आणि दणकट, पण तिचा आरसा फुटला तरी नवा अकोल्याहून मागवावा लागणार.

एका रविवारी दोन्ही गाड्या गॅरेजसमोर उभ्या राहिल्या. चाचा मागे बसले, मला पुढे बसवलं.

"चावी फिरव, बेटा. चालू नको करू. काय काय दिसते, सांग."

राखाडीत स्टेअरिंगमागच्या लाल दिव्यांमध्ये फुगा धरलेला एक माणूस उमटला, काही क्षण राहिला आणि विझला. मग पांढरीत बसले. तिथे तो आलाच नाही. मी पुन्हा चावी फिरवली. नाहीच.

"हिच्यात एअरबॅगचा दिवा लागत नाही," मी पुटपुटले.

"जोरात बोल. तुह्या पप्पाले आयकू दे."

मी जोरात सांगितलं. बाहेर उभे असलेले पप्पा हसले. "मंग चांगलंच हाये की! दिवा नाही म्हंजे बिघाड नाही."

"नाही भाऊ. तो आधी लागला पाह्यजे, मंग इझला पाह्यजे. लागतच नाही म्हंजे कोणं तरी मुद्दाम काढला. एक्सिडंटात बॅग एकदा फुटली असन, नवी टाकलीच नसन."

"अन् त्या राखाडीचा खर्च? तुमचंच गॅरेज चालन, चाचा!"

"हाव ना! माह्यी ईद तुह्याच गाडीवर!" चाचा खो खो हसले. मग म्हणाले, "पार्ट महाग, खरं हाये. उशिरा भेटन, तेही खरं. पण रोज त्या रस्त्यानं पोरगी जाईन. तिले इचार, कोणती पाह्यजे."

तोवर मला कोणी विचारलंच नव्हतं.

"राखाडी," मी म्हणाले. "खर्च माझ्या पगारातून."

पहिल्याच वर्षी क्लच गेला. पार्ट यायला आठ दिवस लागले, मी एसटीने गेले. पप्पा रोज संध्याकाळी गॅरेजात जाऊन कुरकुरायचे. चाचा त्यांना चहा पाजून परत पाठवायचे.

गेल्या वर्षी चाचा गॅरेज बंद करून लेकीकडे राहायला गेले. आता आम्ही गाडी मेहकरला दाखवतो. तिथला मेकॅनिक पप्पांकडे वळून विचारतो, "काय तक्रार आहे, साहेब?"

"मले काऊन इचारता? गाडी तिची हाये."

आणि मी सांगायला लागते. एकदा सुरू झाले की थांबत नाही.