वाऱ्यापायी कापलेली काळी-पिवळी

पाथरीच्या रस्त्यावर पेडगावच्या भुजंगची काळी-पिवळी जीप सगळ्यात हळू. स्टँडवर बाकीचे ड्रायव्हर एका दमात पाथरी-पाथरी-पाथरी असा पुकारा करायचे. भुजंग मात्र पंगतीत वाढप्यानं विचारावं तसं, "या... पाथरी... बसा..." म्हातारी माणसं मुद्दाम त्याच्याच गाडीची वाट बघायची. असा माणूस शर्यतीत उतरतो, हे ऐकून गाव चक्रावलं.

सोयाबीन निघाल्यावर गायरानावर जीपवाल्यांच्या शर्यती सुरू झाल्या, गुढीपाडव्यापर्यंत महिन्याला एक. पहिलीत भुजंग इतका शेवटचा आला, की पंच दत्तराव बक्षीस वाटायला लागले तरी हा अजून वळणावरच. दत्तराव आधी घसा खाकरणार, मग एकेक शब्द चावणार. "भुजंगराव, गाडी आणली का वरात?"

भुजंगनं तडक घरी जाऊन बायकोचा, म्हणजे कडूबाईचा, लोकरीचा गुंडा उचलला आणि वारं कुठं अडतंय ते बघायला धागे तोडून जीपभर चिकटवले. मेव्हण्याला जीप चालवायला लावली, आपण मोटारसायकलवरून बाजूनं बघत निघाला. बॉनेटवरचे धागे शहाण्यासारखे मागं लोळत होते. टपावरचे थयथयाट करत होते. आणि अगदी मागचे, पायरीजवळचे, उलटे पुढं वळले होते. घरी आला तो पांढराफटक.

"मागचं वारं पुढं यायलंय. गाडीला कुणीतरी मागून धरायलंय गं."

"लिंबू उतरू का?" कडूबाई.

"न्हाई. पत्रा कापू."

तिथून जी कापाकापी सुरू झाली, ती बघणाऱ्याच्या छातीत धस्स व्हावं अशी. आधी टप गेला. मग समोरची काच आडवी झाली. मागची पायरी उडाली आणि तिथं ड्रमच्या पत्र्याची उतरती शेपटी बसली. खालून वारं शिरू नये म्हणून पुढच्या बंपरला रबराचा पडदा लागला. दर महिन्याला एक बदल, दर महिन्याला एक-दोन गाड्या मागं. माघात तर तो दुसरा आला.

पण टप गेल्यावर पॅसेंजरच्या तोंडात धूळ जायला लागली. पायरी गेल्यावर चतुराबाईसारख्या म्हाताऱ्यांना चढता येईना. माणसं दुसऱ्या जीपकडं वळली, आणि घर तर ह्याच जीपवर चालायचं. शेवटच्या शर्यतीआधी भुजंगनं मागची बाकंही काढून अंगणात टाकली. हलकी गाडी पळणारच, म्हणे. पहिला आलो की बाकं भंगारात.

"आन् माणसं कुठं बसवायची?" कडूबाईनं विचारलं. त्यानं बॉनेटवरचा सुटलेला धागा पुन्हा चिकटवला.

शर्यतीच्या सकाळी त्यानं गायरानावर एक फेरी मारून बघितली. वळणावर जीपचं बूड उडालं, गाडी गर्रकन फिरली आणि आली त्याच दिशेला तोंड करून उभी राहिली. बघणाऱ्यांचे जबडे तसेच उघडे. पंधरा-सोळा माणसं पेलायला घातलेले स्प्रिंगचे जाडजूड पाटे ते, रिकाम्या गाडीखाली वासरासारखे उड्या मारत होते. भुजंग उतरला आणि चाकाला टेकून मातीतच बसला.

कडेला उभी असलेली कडूबाई तडक घरी गेली आणि भावाच्या बैलगाडीतून बाकं घेऊन आली. कुणाला न विचारता तिनं भावाकडून ती जागेवर बसवून घेतली. पाथरीच्या बाजाराला निघालेल्या बाया रस्त्यावर उभ्या होत्या, त्यांना हात करून बोलावलं. चतुराबाईला तर दोघींनी उचलूनच आत ठेवलं.

"अगं, शर्यत हाय ही."

"ठाव हाय. आमी वजन हाव. चालवा तुमी."

दत्तरावांनी घसा खाकरला. "वैनी, ही शर्यत हाय का सवारी?"

"बाबा," आतून चतुराबाई म्हणाली, "माणसं किती बसवायची ते कुटं लिवलंय का?"

कुठंच लिहिलं नव्हतं.

झेंडा पडला. वळण आलं तशा बायांनी एकमेकींचे दंड धरले, एकीनं पोखर्णीच्या नरसिंहाला हाक मारली, आणि जीप जमिनीला डिंकानं चिकटवल्यासारखी सरळ निघून गेली. दुसऱ्या गाड्या त्याच वळणावर घसरत होत्या. भुजंग पहिला आला.

दत्तराव खाकरायचंच विसरले. ढाल घेऊन पोचले तर ड्रायव्हरच्या जागी कुणी नाही. भुजंग पाना घेऊन बाकाखाली पालथा, बाया वर तशाच बसलेल्या.

"ठिवा तिथंच," तो खालून म्हणाला. "आधी बाकांचे ह्ये नट आवळू द्या."