लालातात्यांचा नारळ बेटावर जातो

म्हसवडला आमच्या शेजारी राहणारे लालासाहेब, म्हणजे आमचे लालातात्या, हे पाणाडी. सोललेला नारळ तळहातावर आडवा ठेवून रानातून अनवाणी चालायचं आणि जिथं तो आपोआप उभा राहील तिथं बोअर मारायला सांगायचं, हा त्यांचा चाळीस वर्षांचा उद्योग. त्यांच्याबरोबर मी लक्षद्वीपच्या सहलीला गेलो ते चंद्राकाकूंच्या कृपेनं. मुंबईत नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलानं, जयराजनं आईबापांना बोटीची दोन तिकिटं पाठवली, तर काकू म्हणाल्या, "म्हशीला बोटीत घेत असतील तर येते." म्हशीच्या जागी मी गेलो. गावात अजून असंच सांगतात, आणि सांगणाऱ्यांत मीही असतो.

तात्यांच्या पिशवीत नारळ होता. मुंबईच्या बंदरावर तपासणीवाल्यानं विचारलं, तर "परसाद हाय" म्हणून मोकळे झाले.

"आवं तात्या, जिथं निघालोय तिथं नारळाबिगर दुसरं झाड न्हाई. ह्यो घरनं कशाला वाहून आणलाय?" मी म्हणालो.

"ह्याला माझ्या हाताची सवय हाय."

इथवर हसण्यासारखं होतं, पुढचं नव्हतं. आठ महिन्यांपूर्वी तात्यांनी जागा दाखवली ती त्यांच्या लेकीच्या, राणीच्या सासरी. बोअर सहाशे फूट गेलं आणि वर आला नुसता फुफाटा. तेव्हापासून तात्यांनी नारळाला हात लावला नव्हता. आता व्याह्यांनी दुसऱ्या बोअरसाठी यंत्रानं पाणी शोधणारा मशिनवाला ठरवला होता, आणि राणी अडून बसली होती, की जागा माझे वडीलच दाखवतील. आम्ही निघालो त्या दिवशी तिचा फोन आला. "तात्या, व्हय का न्हाई ते गुरुवारपातूर सांगा. मला हितं लय बोलणी खावी लागत्यात."

गुरुवारी बोट लक्षद्वीपच्या एका लहानशा बेटापाशी थांबणार होती. तात्यांनी मनाशी ठरवलं. बेटावर उतरून गोडं पाणी हुडकायचं. सापडलं तर राणीला हो म्हणायचं, नाहीतर नारळ कायमचा सोडायचा. चहूकडं खारं आणि मधे गोडं शोधायचं, यापेक्षा कडक परीक्षा कुठं मिळणार?

बोटीवर दोन दिवस हा माणूस एका जागी टेकला नाही. जेवणाच्या रांगेत थांबायचा आणि नंबर आला की निघून जायचा. फोनला रेंज नव्हती तरी दर पाच मिनिटांनी बघायचा. एकदा खोलीत त्यांनी नारळ हातावर घेतला, तो लगेच उभा.

"बोटीत काय कळायचं न्हाई गड्या," ते पुटपुटले. "खाली सगळं पाणीच की."

गुरुवारी सकाळी छोट्या होडीतून बेटावर उतरलो. परतीची होडी तीनला होती. बरोबरची मंडळी वाळूत फोटो काढायला पांगली. तात्यांनी चपला काढून माझ्या हातात दिल्या, नारळ तळहातावर आडवा केला आणि गावाच्या अरुंद गल्लीत शिरले. पुढं नारळवाले, मागं चपलावाले, अशी आमची वरात. मासे वाळत घालणाऱ्या दोन बायका काम टाकून आमच्याकडं बघत बसल्या.

शाळेच्या भिंतीपाशी नारळ हळूच उठला. तात्यांचा चेहरा असा फुलला, की मी सुचलेला टोमणा गिळला. दहा पावलांवर तो पुन्हा उठला. मग दुकानापाशी उठला, पुढच्या वळणावर उठला, एका गोठ्याच्या दाराशीही उठला. तात्यांची चाल वाढली. ते एका गल्लीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत निघाले. गावच ते केवढं, एकाच दुकानावरून आम्ही तिसऱ्यांदा गेलो.

"तात्या, उभा राहतोय हे चांगलंच की."

"सगळीकडं राहिल्यावर काय चांगलं? कुठंतरी पडायला पायजे गड्या."

एका अंगणात विहीर दिसली. घरमालक जहाजावर काम केलेला होता, हिंदी बोलायचा. "क्या ढूँढते हो?" त्यानं विचारलं.

"मीठा पानी," तात्या म्हणाले.

त्यानं बादली शेंदून तांब्या पुढं केला. पाणी गोड होतं. "यहाँ कहीं भी खोदो," तो म्हणाला. "एक आदमी जितना गड्ढा करो, मीठा ही मिलेगा. ज़्यादा नीचे गए तो खारा."

तात्या विहिरीच्या काठावर बसले. "म्हंजे हितं चुकायची सोयच न्हाई. आंधळाबी जागा दाखवंल."

थट्टा करायला इतकी सोपी जागा मला जन्मात मिळाली नसेल, पण मी चपला त्यांच्या पायांपाशी ठेवल्या. दोन वाजून गेले होते. तात्या उठले, बसले, अंगणाला दोन फेऱ्या घातल्या आणि बेटावर रेंज आली होती म्हणून तिथूनच फोन लावला.

"राणे, मशिनवाल्याला बोलव."

"आणि तुमी?"

"मला ठाव न्हाई गं. मागल्या खेपेला हात चुकला का नारळ, ते हितंबी कळंना झालंय. सासऱ्यास्नी सांग, तात्याच म्हणत्यात मशिन बोलवा. मग तुला कोण बोलायचं न्हाई."

"तुमास्नी यायचं तरी हाय का?"

"येणार की. कवा येतोय त्यो मशिनवाला?"

"सोमवारी सकाळी."

तात्या नारळाकडं बघत राहिले. मग माझ्याकडं पाठ करून हळू आवाजात म्हणाले, "मग असं कर. आला की त्याला च्या दे, पोहे दे, पडवीत बसवून ठेव. तवर मी रान फिरून घेतो."