मुरूम न लागलेला खड्डा

वीसेक वर्षं मी बांधकामांवर देखरेख करतोय. राहायला धुळ्यात, काम गावोगाव. भांडणं होऊ न देणं हेच माझं खरं काम, असं मी लोकांना सांगत आलो. पाया भरण्याआधी ठेकेदार, गावची समिती आणि मी, तिघांनी खड्ड्याच्या काठावर उभं राहायचं, टेप खाली सोडायचा, खोली आणि तळाला काय लागलं, माती की कडक मुरूम, ते वहीत लिहायचं, सह्या करायच्या. एकदा काँक्रीट पडलं की खालचं कुणालाच दिसत नाही, म्हणून ही रीत.

शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका गावातल्या बौद्ध वस्तीने मुलांसाठी अभ्यासिका बांधायला घेतली. खिडक्यांवरून समितीचे आबा आणि ठेकेदार यांचं आधीच बिनसलेलं. मोजणीच्या दिवशी आबा पारोळ्याला मयतीला गेलेले. काँक्रीटची गाडी येऊन उभी. खोदणाऱ्या टोळीचा मुकादम डोंगराकडच्या पाड्यावरचा. खड्ड्यातून वर बघत तो म्हणाला, "साहेब, खाले आजून काळी माटीच शे. मुरूम लागना नही."

गाडी परत पाठवली असती तर पुन्हा वाद पेटला असता. मी वहीत 'मुरमापर्यंत खोदाई' असं लिहिलं. आबांनी दुसऱ्या दिवशी माझ्या भरवशावर सही केली.

दुसऱ्या उन्हाळ्यात पायाखालची काळी माती आकसली आणि कोपऱ्याची भिंत तिरकी चिरली. गावच्या बैठकीत ठेकेदाराने वही पुढे केली. वहीत मुरूम आहे म्हटल्यावर सगळे मुकादमाकडे वळले. मोजणीनंतर याच्याच माणसांनी कडेची माती आत लोटली असणार, असं ठरलं. याला टेपवरचे आकडे तरी कळतात का, असं कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. तो माझ्याकडे बघून एवढंच बोलला, "साहेबले इचारा."

मी चष्मा पुसत होतो. म्हणालो, "वहीत आहे तेच."

त्यानंतर त्या पट्ट्यात त्याच्या टोळीला कुणी बोलावलं नाही. बायको-पोरांना घेऊन तो सुरतेकडे निघून गेला. मी शिरपूरच्या रस्त्याने जाणं टाळायला लागलो. घरी विचारलं तर प्रवासाने पित्त होतं असं सांगायचो.

गेल्या आठवड्यात राहवेना, म्हणून आबांकडे जाऊन सगळं ओकलो. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मुकादमाला फोन लावला आणि माझ्या हातात दिला. मी अडखळत सांगितलं. पलीकडे कारखान्यातल्या मशीनच्या आवाजातून तो बाहेर आला. मग तो म्हणाला, "बठ्ठा गावना समोर बोलशात का, साहेब?"

हो, सगळ्या गावासमोर बोलेन, म्हणालो.

रविवारी बैठक आहे. ठेकेदारही येणार आहे. ऐन वेळी माझं तोंड कसं मिटतं ते मला पक्कं ठाऊक आहे. म्हणून हे लिहून काढलं. आजच आबांच्या हाती देतो. मी गप्प बसलो, तर त्यांनी ते बैठकीत वाचून दाखवावं.