वाकलेलं इंजिन

जे आता लिहिणार आहे ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, ज्यांच्यासोबत घोषणा देत घसा बसवून घेते त्या मित्रांना नाही, आणि ज्याला सांगायलाच हवं होतं त्या सुमेधला तर नाहीच. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की तुम्ही समोर बसलेले नसता म्हणून? जाऊ द्या. कारणं द्यायला लागले की मी फार छान बोलते. तोच तर सगळा घोळ आहे.

आमच्या घरात रद्दी निघायची ती पत्रकांची. बाबा कामगार संघटनेत. ताटाखाली पत्रक, कपाटाच्या फळीवर पत्रक, माझ्या वह्यांना कव्हरं पत्रकांची. जोडाक्षरं मी शाळेत शिकले नाही, ‘धिक्कार’ या शब्दावर शिकले. संध्याकाळी वंदना व्हायची, पंचशील व्हायचं. त्यातलं चौथं खोटं न बोलण्याचं. ते मी झोपेतून उठवलं तरी म्हणेन. आज मी स्वतः पत्रकं लिहिते, आणि लोक म्हणतात की माझ्या लिहिण्याला धार आहे. असेल. चाकूलाही असते.

आणि अशा घरातली मी इंजिनांच्या मॉडेलना रंग लावते. हसू आलं ना? बाबांनाही आलं होतं. त्यातही मोठी, रुबाबदार इंजिनं नाहीत. शंटिंगची डिझेल इंजिनं. जी यार्डात डबे इकडून तिकडे ढकलतात, लांबच्या गाडीला कधी लागत नाहीत, आणि ज्यांचा फोटो कुणी काढत नाही, ती. खरी नाहीत हो, वीतभर लांबीची. आपल्याकडच्या शंटरची मॉडेल बाजारात जवळजवळ मिळतच नाहीत. मग परदेशी खेळण्यातलं चाकं-मोटर असलेलं खालचं अंग घ्यायचं आणि वरची बॉडी आपली आपण करायची. पांढऱ्या प्लास्टिकच्या पातळ शीट कापून, एकावर एक चिकटवून.

ती बॉडी करायचा सुमेध. आमच्या मागच्या गल्लीत वाढलेला, लहानपणापासूनचा; आता शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहतो. इथेच नागपुरात, जरीपटक्यात, एका बोर्डाच्या दुकानात कामाला आहे, दुकानांच्या नावांची अक्रिलिकची अक्षरं कापतो. त्याने कापायचं, जोडायचं. मी तारेची रेलिंग, दिवे, टोकांचे धक्का झेलणारे बफर लावायचे आणि रंगवायचं. अशी आमची वाटणी होती.

रंगवणं म्हणजे किती वैताग आहे, हे एकदा सांगू द्या. मे महिन्यात स्प्रे मारला की रंग बॉडीवर पोचण्याआधीच हवेत सुकतो आणि इंजिनाच्या अंगावर रवा सांडल्यासारखे दाणे उठतात. पावसाळ्यात मारला तर वर पांढरट साय धरते. क्रीम पट्ट्यासाठी चिकटपट्टी लावावी, तर काढताना ती खालचा निळा रंग सोबत घेऊन येते. नंबराचे आकडे पाण्यात भिजवून सरकवायचे असतात — सरळ बसलेत म्हणून श्वास सोडावा, तर त्या श्वासाने शेवटचा आकडा तिरपा! जुन्या मोटारीच्या कॉइलमधून काढलेल्या तांब्याच्या तारेची रेलिंग बसवताना मी ज्या शिव्या दिल्यात त्या माझ्या कुठल्याही पत्रकात बसणार नाहीत.

बघा, मी अजूनही रंगाबद्दलच बोलतेय.

तर मुद्दा भोकांचा. दोन शीट एकमेकांना चिकटवल्या की चिकटवायचं द्रावण मध्ये अडकू शकतं. ते बाहेर पडायला वाट नसेल, तर पुढे कधीतरी, महिन्यांनीही, बॉडी आपोआप वाकते. म्हणून आतल्या शीटला बारीक भोकं पाडून ठेवतात. मी हे वाचलं होतं. सुमेधला त्या हिवाळ्यातच सांगितलं, या गोष्टीला आता काही वर्षं झाली. तो म्हणाला, “लागत नाई वं. मी थेंबाथेंबानं लावतो, वाळू देतो, मग दुसरा थेंब. आत काही राहतच नाई.” मी वाद घातला. त्याने चिकटवलेला एक तुकडा माझ्यासमोर पिळला, उन्हात टाकला, दुसऱ्या दिवशी आणून दाखवला. तुकडा सरळच होता. “बोल आता, पुस्तकवाली,” म्हणाला. मी हरले. मला हरायची सवय नाही. हे लक्षात ठेवा, कारण नंतर मी जे केलं त्यात भीती जितकी होती तितकंच हेही होतं.

तेव्हा पुण्याचे एक संग्राहक, निवृत्त डॉक्टर, आमच्या कामाचे फोटो पाहून मागे लागले होते. एक इंजिन पाठवा, आवडलं तर ओळीने सगळ्या प्रकारचे शंटर तुमच्याकडूनच करून घेतो. सुमेध हवेतच होता. घरी आईला सांगून टाकलं, “दुकान सोडतो आता. कापायचं तं इंजिनच कापीन, दुसऱ्याच्या नावाचे बोर्ड काहून कापत बसू?” सगळा हिवाळा त्याने त्या बॉडीवर घातला. दरवाज्यांच्या बिजागऱ्यासुद्धा त्याने वेगळ्या कापून लावल्या होत्या. बिजागऱ्या! तांदळाच्या दाण्याहून लहान. मे लागता लागता त्याने ती माझ्या हातात दिली आणि म्हणाला, “सांभाळ गं बाई.”

मी रंगवली. चांगली रंगवली — इतकं तरी खरं लिहू द्या. निळा रंग, क्रीम पट्टा, टोकांना पिवळ्या-काळ्या तिरप्या रेघा. नंबर सरळ. डॉक्टरांचा पुतण्या रविवारी संध्याकाळच्या गाडीने पुण्याला निघणार होता, तो सुमेधच्या घरून इंजिन नेणार होता. मी दुपारी जेवून निघाले. खोक्यात फोम, फोममध्ये इंजिन, खोकं स्कूटीच्या डिक्कीत.

वाटेत एक सभा होती. कंत्राटी सफाई कामगारांना हातमोजे नाहीत, बूट नाहीत, त्यावर. मी फक्त पत्रकांचा गठ्ठा द्यायला थांबले होते. खरंच फक्त तेवढ्यासाठी. पण कुणीतरी म्हणालं, आलीच आहेस तर दोन शब्द बोल. माझे दोन शब्द कधी दोन असतात का? मी माइक घेतला. टाळ्या आल्या. मग प्रश्न आले, त्यांची उत्तरं दिली, मग पुन्हा बोलले. आणि कशावर बोलत होते सांगू? निष्काळजीपणावर! ज्यांच्या हातात दुसऱ्याचा जीव सोपवलेला असतो त्यांच्या निष्काळजीपणावर. बाहेर नागपूरचा मे. अर्धं शहर पळवून तापलेली स्कूटी, काळं सीट, सीटखाली डिक्की, डिक्कीखाली स्कूटीचं इंजिन. माझ्या एकदाही मनात आलं नाही. आलं असतं तर मी उठून गेले असते का, हे मी स्वतःला विचारत नाही. टाळ्या पडत होत्या.

डिक्की उघडली तेव्हा खोकं हाताला भाजलं.

बॉडी मधोमध खचली होती, खूप वर्षं सामान ठेवलेल्या लाकडी फळीसारखी. ड्रायव्हरच्या केबिनचं छत आत बसलेलं. रेलिंगच्या तारा सुटून वर आलेल्या. आणि माझा रंग? रंगाला कुठेही तडा नव्हता. रस्त्याच्या कडेला उभी राहून मी आधी तेच पाहिलं — माझा रंग नीट आहे.

तिथून सुमेधचं घर दूर नव्हतं. पण तेवढ्या वाटेत माझं खोटं पूर्ण तयार झालं. शोधावं लागलंच नाही. हिवाळ्यातल्या वादात ते पडून होतं, उचलायचं बाकी होतं.

“रात्रीतून वाकलं,” मी म्हटलं. “सकाळी कपाट उघडलं तर हे असं.”

सुमेधने खोकं उघडलं. बॉडी हातावर घेतली, डोळ्याजवळ नेली, उलटी केली. मग म्हणाला, “कूलरच्या मागं तं नव्हतं ना ठेवलं?”

“कपाटात, म्हणतेय ना.”

“ऊन लागलं काय कुठी?”

त्याने सरळ विचारलं होतं. एक ‘हो’ पुरला असता. त्याऐवजी मी चिडले. चिडल्याचं नाटक नव्हतं ते, खरंच चिडले. “मी उन्हात ठेवीन? मी? इतके दिवस जिवापाड सांभाळलं ते यासाठी?”

तो लगेच मागे सरला. “नाई वं, तसं नाई म्हणून राहिलो मी. तू कायले ठेवशील?”

मग मी म्हटलं, “भोकं पाड म्हणून सांगितलं होतं तुला.”

एवढंच. खोटं इथेच पूर्ण झालं. गप्प बसता आलं असतं. पण मी वाढलेय पत्रकांवर, मला समारोप लागतो. मी त्याला त्याच्याच घरात, त्याची आई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी असताना, ऐकवलं — की आपल्या समाजाच्या माणसांच्या कामाकडे लोक भिंग लावून बघतात, आपल्याला हलगर्जी परवडत नाही, आपण चुकलो की ते म्हणायला टपलेलेच असतात. आपल्याला. आपण. कसले मोठे शब्द मी त्या खोट्यावर पांघरले! ज्या शब्दांसाठी बाबांनी मोर्च्यांत मार खाल्ला, ते शब्द मी डिक्की झाकायला वापरले.

“असू दे बाप्पा,” त्याची आई म्हणाली. “दुसरं करशील. इंजिनच हाय ना, पोरगं तं नाई मेलं.”

सुमेध हसला. “हिचं खरं होतं, आई. मीच बह्याड.”

मग त्याने पुण्याला फोन लावला. मला वाटलं होतं, काहीतरी थातुरमातुर सांगेल. गाडी चुकली, तब्येत बरी नाही, काहीही. तो म्हणाला, “सर, जोडणीत माझी चूक झाली. बॉडी वाकली. रंगकामाचा काही दोष नाही, रंग बघाल तर खूश व्हाल.” त्याही फोनमध्ये तो माझी तारीफ करत होता. मी तिथेच खुर्चीवर बसून पाणी पीत होते. डॉक्टर सभ्यपणे बोलले, दुसरं करा म्हणाले, घाई नाही म्हणाले. सुमेधने दुसरं केलं नाही. पुढे त्यांना दुसरा कुणीतरी मिळाला.

मला वाटलं होतं, विसरेल. लोक विसरतात. पण सुमेध विसरला नाही, त्याने त्याचा धडा केला. आम्ही मॉडेलवाले रविवारी अधूनमधून जमतो. कुणी नवा आला की सुमेध त्याला शिकवतो, “भोकं पाडाच. ही ओरडून राहिली होती, भोकं पाड, भोकं पाड! मी म्हटलं, मले कोण शिकवते? घ्या मग, झालं केळं इंजिनाचं.” सगळे हसतात. मग माझ्याकडे आदराने बघतात. आणि मी काय करते? मी मान हलवते. कधी कधी तर भोकं किती अंतरावर पाडावीत तेही सांगते. माझ्या खोट्याची आता पद्धत झाली आहे. नागपुरात काही जण ती पाळतात!

या सगळ्यात मी किती लिहिलं असेल? सत्य दडपणाऱ्यांवर लिहिलं, दोष खालच्या माणसावर ढकलणाऱ्या अधिकाऱ्यांवर लिहिलं. ते लिहिताना एकदा तरी अडखळले का? नाही. उलट जोर चढला. मला वाटायचं, रोज एवढं खरं लिहितेय, तर त्या एका दुपारचं काय ते फिटतच असेल. असा हिशेब करणाऱ्या दुसऱ्या कुणाला मी सोडलं असतं?

गेल्या महिन्यात एक बँकेतले गृहस्थ सुमेधकडे आले. त्यांना एका शंटरची केबिन करून हवी होती. त्यांनी त्याचं जुनं काम पाहिलेलं. सुमेध म्हणाला, “कापून देतो दादा, पाहिजे तेवढं कापून देतो. जोडाचं मले नका सांगू. माह्या हातचा जोड टिकत नाई.” दुःखाने नाही म्हणाला. डाव्या हाताने लिहितो, मिरची सोसत नाही, असं सांगावं तसं म्हणाला. मी शेजारीच बसून बफरला काळा रंग लावत होते. माझ्या तोंडाशी आलं होतं. मी ब्रश पाण्यात बुडवला, पुसला, आणि दुसरा बफर घेतला.

भीती वाटली म्हणू का? तेव्हा लहान होते म्हणू? मी लहान नव्हते. माइक हातात होता माझ्या.

ते इंजिन माझ्याकडे आहे. सुमेध फेकणार होता, रंगाचे नमुने बघायला कामी येईल म्हणून मी मागून आणलं, आणि त्यावर एकही नमुना पाहिला नाही. काल खाली काढलं. धूळ पुसली. प्रत्येक सांध्यावरून नख फिरवलं — पुढच्या लांब हूडच्या कडा, केबिनचे कोपरे, दरवाजे, त्या बिजागऱ्या. बॉडी खचली आहे, छत बसलंय, खिडक्या तिरप्या झाल्यात. पण एकही जोड सुटलेला नाही. नख कुठेच अडकलं नाही.

सुमेधच्या हातात दोष नव्हता. इंजिन मी उन्हात ठेवलं होतं.