गुवाहाटी तीन तासांवर, आणि सूर्य माझ्या पुढे

भावाला गुवाहाटीत मुलगी झाली. बारसं तिथेच, आणि बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझा. तिकडे आधीच गेलेल्या आईने एकच अट घातली, आमच्या घरची जुनी: दिवे लागायच्या आत बाळ पाळण्यात गेलं पाहिजे. आत्या पोचली नाही तर शेजारीण नाव सांगेल.

मी म्हटलं, त्यात काय! मुंबई-गुवाहाटी हवाई अंतर साधारण दोन हजार किलोमीटर, थेट विमान तीन तासांचं. बाराला उडालं की सव्वातीनला खाली, पाचपर्यंत घरी. डिसेंबरात सूर्य मावळतो सहाला. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये बाळाची झबली घेताना दुकानदारालाही हे सगळं ऐकवलं. तो म्हणाला, "मॅडम, आप तो पूरा टाइमटेबल लेके निकले हो." मला ती स्तुती वाटली.

जाणाऱ्यांसाठी सांगते. आमच्या खरवई गावाहून काटईमार्गे विमानतळाला अडीच तास धरा. गाडीवाला दोन हजार मागतो, अठराशेला तयार होतो. विमानातला उपमा म्हणजे गरम पाणी ओतलेला रवा, त्यापेक्षा पोळीभाजी न्या. आणि डिंकाचे लाडू हातातल्या पिशवीत ठेवा. मी ते मोठ्या बॅगेत कोंबले आणि ती बॅग पट्ट्यावर सगळ्यात शेवटी आली.

टॅक्सीत बसले तेव्हा चार वाजून गेले होते आणि ऊन पिवळं पडलं होतं. मला वाटलं ढग आलेत. चालकाला विचारलं, "भैया, बारिश होगी क्या?"

"नहीं दीदी, शाम हो रही है. साढ़े चार बजे सूरज डूब जाता है."

आता सांगायला लाज वाटते, पण मी उल्हासनगरात भूगोल शिकवते. एका रेखांशाला चार मिनिटं, पूर्वेला सूर्य आधी उगवतो नि आधी मावळतो, हे चौदा वर्षं पोरांकडून घोकून घेतलंय. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

रस्त्यावरचे दिवे लागले तशी मी टॅक्सीत चक्क रडले. एकुलता एक भाऊ, त्याची पहिली मुलगी, आणि नाव सांगणार कोण, तर शेजारीण.

सव्वापाचला दारात पोचले तेव्हा बाहेर काळोख होता. शेजारीण नवी आसामी मेखला-चादर नेसून पाळण्याशी उभी. आई मात्र खुर्चीत बसून फोनवर खरवईच्या काकूशी बोलत होती. "आंगनान ऊन हाय ना गो? बस, तवराच इचाराचा होता." फोन ठेवून ती सगळ्यांना म्हणाली, "आमचे घरचा दिवा खरवईन लागतो. आजून लागला नाय." मग माझ्याकडे न बघताच, "पाय धू आधी."

मी वाकले आणि बाळाच्या कानात 'कुर्रर्र' केलं. मग 'ओवी' हे नाव सांगितलं. पाठीवर धपाटे बसले, शेजारणीचा सगळ्यात जोरात.

चार दिवसांनी परतले. आता माझा साडेचारचा वर्ग सुरू होतो तेव्हा बाहेर लख्ख ऊन असतं. पोरांना धडा वाचायला लावते आणि भावाला फोन करते. तिकडे अंधार पडत असतो, ओवी पेंगत असते. तिला झोप लागायच्या आत तिचं नाव एकदा मी घेते.